कोपऱ्याच्या खोलीची कडी

हे मृत्युपत्र लिहायला मी गेल्या सोमवारी बसले होते. त्याच्या आधीच्या शुक्रवारीही बसले होते. सोमवारी कागद पुढे ओढले, तर टेबल डगमगतंय असं वाटलं. पायाखाली घालायला पुठ्ठा शोधत गच्चीवर गेले. गच्चीवरून शेजारच्या बांधकामावर एक गवंडी एका हाताने विटा झेलताना दिसला आणि तो बघण्यात संध्याकाळ झाली. पुठ्ठा मिळालाच नाही. शुक्रवारी काय आडवं आलं ते आता आठवत नाही. आज मंगळवार. परवा माझं ऑपरेशन आहे. वकीलकाका खाली चहा घेत बसलेत आणि त्यांनी मला सांगून ठेवलंय, "तू लिहून दिल्याशिवाय मी कप खाली ठेवणार नाही." त्यांचा तिसरा कप चालू आहे.

खरं सांगायचं तर टेबल डगमगत नव्हतं. मला कलम दहा लिहायचं नव्हतं. बाकीची नऊ कलमं नसती तरी जगाचं काही अडलं नसतं. दहावं मात्र मी बावीस वर्षं अण्णांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून, लपवून ठेवलंय, आणि ते तसंच माझ्याबरोबर जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तर मी, खाली सही करणारी, वय एकतीस, धंदा हॉटेलांच्या आणि पाहुणेघरांच्या खोल्या आतून घडवण्याचा, मुक्काम कुठेच फार दिवस नाही, असं लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही, आणि हे कागद मी माझ्या हाताने, राजीखुषीने लिहीत आहे. ऑपरेशन कानामागच्या गाठीचं आहे. गाठ ऐकण्याच्या नसेवर आहे, विचारांवर नाही. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिलाय, तो सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करायला घेतलेली दोन आहेत, ती रद्द समजावीत.

कलम १. माझ्या पश्चात या कागदांप्रमाणे व्यवस्था लावण्याचं काम माझ्या आत्याने करावं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत आहे, पण तिच्याइतकं भांडून काम करून घेणारं आमच्यात दुसरं कोणी नाही. ऑपरेशनचं मी फक्त तिलाच सांगितलंय आणि अण्णांना सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आहे. शपथ घेताना ती छताकडे बघत होती.

कलम २. टायरच्या दुकानावरची माझी एक खोली, जी मी स्वकष्टाने घेतली आहे आणि जिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, ती मी माझ्या मोठ्या भावाला, दादाला, देते. दादा बावीस वर्षांपूर्वी घरातून गेला. कुठे आहे, आहे का, कोणाला ठाऊक नाही. वकीलकाकांनी आधीच बजावलंय, "अगं, हयात नसलेल्या इसमाला मिळकत देता येत नाही." काका, तो हयात नाही असं तुम्हाला कोण सांगून गेलं? तो येईपर्यंत किल्ली आत्याकडे राहील. खिडकीचं डावं दार जरा उचलून लावावं लागतं, हे त्याला सांगावं.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते आत्याचं. तिने ते विचार न करता खर्च करावं. विचार करून ती फक्त लोकरीचे गुंडे आणते.

कलम ४. माझी अवजारं दोन पिशव्यांत आहेत. निळ्या पिशवीतला दाभण, चिमटा आणि लाकडी खुंट्या वेतवाल्यांना परत कराव्यात, कारण त्या त्यांच्याच आहेत. मी सजावटीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षेला निघाले, तर बसमध्ये शेजारी एक गृहस्थ वेताची फाटकी खुर्ची मांडीवर घेऊन बसलेले, ताप आलेलं पोर घ्यावं तसे. मी विचारलं, "काय झालं हिला?"

"बसणारा जड नव्हता," ते म्हणाले, "उठणारा रागात होता."

मी त्यांच्याबरोबर उतरले. परीक्षा राहिली ती राहिलीच. आठ महिने त्यांच्या ओसरीवर बसून वेत विणला आणि खुर्चीकडे बघून तिच्यावर कोण बसलं असेल ते सांगायला शिकले. कॉलेजात हे शिकवत नव्हते. शिकवत असतील तर मी त्या दिवशी गैरहजर असेन.

दुसरी, काळी पिशवी. तिच्यात अण्णांचा जुना रंधा आहे. तो मी घरातून न विचारता आणला होता. अण्णांना परत द्यावा.

कलम ५. ज्यांच्या हाताखाली मी हा धंदा शिकले त्या मोठ्या बाईंना मी एक चित्र देते. लिफ्ट नसलेल्या एका चार मजली लॉजचं काम होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्रत्येक पाहुणा धापा टाकत थांबतो आणि थांबल्याची लाज वाटून भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्याचं नाटक करतो, हे मी तीन दिवस पायरीवर बसून पाहिलं. तिथे मी कागदावर एक बाकडं काढलं, बाकड्याशेजारी बॅगेच्या उंचीचा कट्टा, आणि समोर खरोखर बघण्यासारखी एक लहान खिडकी. पुढे मासिकात त्या बाकड्यावर बसलेल्या बाईंचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "ही कल्पना मला प्रवासात सुचली." प्रवास म्हणजे माझ्या टेबलापासून त्यांच्या टेबलापर्यंत. सहा पावलं.

मूळ चित्र तारखेसकट चौकटीत बसवून त्यांना पाठवावं. टपालखर्च त्यांनी द्यावा.

मात्र हेही नोंदवते की पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, "पाहुणा खोली बघत नाही गं, तो आधी हात टेकवतो." त्या एका वाक्यावर माझी आजवरची भाकरी चालली. फिटंफाट म्हणावं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही.

कलम ६. माझ्या अकरा वह्या मी सोडलेल्या कॉलेजला द्याव्यात, दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. त्यांत खोल्यांची चित्रं कमी आणि हातांची जास्त आहेत. माझी पद्धत अशी: रिकाम्या खोलीत रेघ मारण्याआधी मी पाहुण्यासारखी शिरते. एका हातात भरलेली बॅग, दुसऱ्यात ओली छत्री, किल्ली दातांत. मग बघते, हात कुठे जातो. दिव्याचं बटण जिथे हात जातो तिथे असावं. इलेक्ट्रिशियनला सोयीचं पडतं तिथे नसावं. चष्मा ठेवायला उशीपासून वीतभर अंतरावर जागा हवी. ओला टॉवेल खुर्चीवर पडला तर चूक पाहुण्याची नाही, खुंटीची. आल्याआल्या समोर आरसा नको, प्रवासातून आलेला माणूस आधीच स्वतःला कंटाळलेला असतो. आणि नोंदणीचं टेबल बसून लिहिता येईल इतकं बुटकं हवं. उभ्याने नाव लिहिणाऱ्या माणसाला आपण अर्जदार करतो.

मालक लोक मला विचारत, "मॅडम, पण दिसणार काय?" मी म्हणे, "काही दिसलं नाही तर काम जमलं समजा." म्हणूनच माझी कामं फार मासिकांत आली नाहीत.

कलम ७. तलावाकाठच्या हॉटेलचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सोनेरीशेठ म्हणायचो, त्यांना सोनेरी रंगाचा एक डबा द्यावा. मी काम संपवून गेल्यावर त्यांनी जिन्याचे कठडे, दारांच्या मुठी आणि एक जिवंत कुंडी सोनेरी करून घेतली. झाड वाळलं. डबा देताना काही बोलू नये.

कलम ८. मी सध्या उतरले आहे त्या पाहुणेघरात खोल्या आवरणाऱ्या मावशींना माझा पलंग द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकीलकाका म्हणतात, आणि दुसरा साक्षीदार मिळत नाहीये. म्हणून हे कलम रद्द. मावशी म्हणाल्या, "पलंग राहू द्या हो ताई, तुम्ही परत या म्हणजे झालं." त्यांच्या पाठीचं दुखणं पलंगानेच बरं झालं असतं. हे कलम खोडायचं होतं, पण राहू दे.

कलम ९. आता कोपऱ्याच्या खोल्यांबद्दल.

आजवर मी अकरा जागा केल्या. प्रत्येक ठिकाणी व्हरांड्याच्या टोकाची एक खोली मी मालकाला न सांगता वेगळी केली आहे. बाकीच्या खोल्यांना आवाज अडवणारी जाड दारं असतात, हिला साध्या फळीचं. बाहेर कोणी बोट जरी आपटलं तरी पलंगावर ऐकू येतं. दारामागे नेहमीची खुंटी आहेच, पण तिच्याखाली, नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोचेल इतक्या उंचीवर, आणखी एक खुंटी. आणि दाराला आतून कडी नाही, फक्त बाहेरूनही किल्लीने उघडेल असं कुलूप. कारण विचारलं की मी सुरक्षेचा नियम सांगते. तसा नियम नाही.

चौथ्या जागेपासून एक गोष्ट घडायला लागली. तिथल्या आवरणाऱ्या बाईंनी मला फोन केला. "ताई, त्या टोकाच्या खोलीत काल एक जण राहिले. दार नुसतं लोटून राहिले हो. कुलूपसुद्धा लावलं नाही. सकाळी अंथरूण इतकं नीट घातलं होतं की कोणी राहिलंच नव्हतं असं वाटावं."

"मग?"

"मग काही नाही. तो अडकणारा खण आता अडकत नाही."

मी गेले. खण ओढून पाहिला. सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासलेली होती. आमच्या घरी खण अडकला की हाच उपाय असे. अण्णा दारं-खिडक्या करणारे, दादा त्यांच्या हाताखाली तयार झालेला. नोंदवहीत नावाच्या जागी एकच शब्द: सुतार.

त्यानंतर आणखी चार ठिकाणी तेच झालं. एका रात्रीचा मुक्काम, कोपऱ्याचीच खोली हवी, दार नुसतं लोटलेलं, आणि निघताना काहीतरी दुरुस्त. एका जागी दार जमिनीला घासत होतं ते घासेनासं झालं. एका जागी खालच्या खुंटीचा सैल स्क्रू आवळलेला. दरवेळी मला कळेपर्यंत एक दिवस उशीर झालेला असे. कोणी सांगे, टोपी होती. कोणी सांगे, फार बोलले नाहीत. एक झाडूवाला म्हणाला, केस पिकलेले. मी म्हटलं, पिकले असतील, दादा आता एक्केचाळीसचा आहे. मग त्यांतल्या शेवटच्या जागी मी पंधरा दिवस स्वतः थांबले. कोणी आलं नाही. मी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी खिडकीची सुटलेली काच बसवलेली मिळाली.

तेव्हापासून मला वाटतं, मी खोल्या पाहुण्यांसाठी करत नाही. एक जण माझ्या मागून चालतोय आणि मी त्याच्यापुढे दारं मांडत जातेय. मी वळले की तो नसतो.

आणि ठोके. ते सगळीकडे येतात. दोन, थोडं थांबून एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीमुळे कानात असे आवाज येऊ शकतात. मी विचारलं, "गाठ किती जुनी असेल?" म्हणाल्या, "चार-पाच वर्षं." मला ते ठोके बावीस वर्षं ऐकू येतायत. ऑपरेशननंतर त्या कानाने बहुधा काहीच ऐकू येणार नाही असं त्यांचं म्हणणं आहे. बऱ्या अर्थाने सांगत होत्या.

या कलमाची व्यवस्था एवढीच: अकरा मालकांना कळवावं की त्या खोल्यांना कडी बसवू नये. आणि सुतार नावाचा पाहुणा आला तर त्याला थांबवून घ्यावं. चहा द्यावा. माझं नाव सांगावं.

कलम १०. हे आत्याने अण्णांना वाचून दाखवावं. वकीलकाकांनी नाही. आत्या मध्येच थांबेल, पण तिनेच वाचावं.

अण्णा, दादा गेला ती दुपार तुम्हाला आठवतच असेल. त्याला स्टेशनजवळच्या हॉटेलात काम मिळालं होतं. तुम्ही म्हणालात, "घरचा रंधा सोडून लोकांची अंथरुणं घालणार?" तो म्हणाला, "हो, घालणार." तुम्ही म्हणालात, "मग या दारात परत उभा राहू नकोस." तो बॅग घेऊन गेला, तुम्ही खाली कारखान्यात गेलात. आई तेव्हा दवाखान्यात होती. मी वर एकटी. एकटं असलं की आतून कडी लावायची हा आपल्याकडचा नियम, म्हणून मी कडी लावली. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

तासाभराने दार वाजलं. दोन, थोडं थांबून एक. आपल्या घरची खूण, तुम्हीच आम्हा दोघांना शिकवलेली. मी दाराशी गेले. कडीवर हात ठेवला. तो परत आला होता, अण्णा. तुमचा शब्द एका तासात गिळून परत आला होता.

पण जाताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी रुसले होते. आणि बाहेरून त्याने हाक मारली ती, "अण्णा?" मला नाही मारली. मी ठरवलं, आणखी एकदा वाजवेल, मग उघडीन. फक्त एकदा. मी श्वास रोखून उभी होते. खुंटीवरचं माझं दप्तर गालाला लागत होतं. त्याने वाजवलं नाही. जिन्यावर पावलं वाजली, पहिली चार सावकाश आणि मग भरभर.

तीन महिन्यांनी कार्ड आलं. "अण्णा, दार लावून घेतलंत, बरं केलंत." तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "मी कुठे दार लावलं?" मी ताटात बघत होते. मला वाटलं तुम्ही आता विचाराल. तुम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेचकस घेऊन आलात आणि दाराची कडी काढून टाकलीत. तेव्हापासून आपलं घर स्टूल लावून झोपतं. कडी का काढली, ते मला कधी विचारवलं नाही. त्यानंतर दादाचं काहीच आलं नाही.

तुम्ही बावीस वर्षं समजत आलात की तो तुमच्या बोलण्याने गेला. तो तुमच्या बोलण्याने गेला आणि माझ्या रुसव्याने परत फिरला. मोठं कोणतं ते मला ठरवता येत नाही. मी कुठेही टिकत नाही म्हणून तुम्ही मला भिरभिरं म्हणता. मला कुठल्याही दाराच्या आतल्या बाजूला फार वेळ उभं राहवत नाही, एवढंच आहे ते. माझी एकही जागा तुम्ही पाहिली नाहीत. "घर असताना दुसऱ्याच्या गादीवर झोपणारा माणूस मला कळत नाही," असं तुम्ही म्हणता. पण मी दुसरं काही करूच शकत नव्हते. त्या दुपारी घालायचं राहून गेलेलं अंथरूण मी अकरा गावांत घालत आले.

माफ करा असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुम्ही ते समोरासमोर म्हणायला लावलं असतंत.

कलम ११. वरच्या कलमांत ज्यांचा राग काढला आहे त्यांचा राग माझ्या पश्चात कोणी पुढे चालवू नये. सोनेरीशेठ सोडून.

इथे माझं लिहिणं संपतं. सगळी पानं मी पुन्हा वाचली आहेत, खाडाखोड माझीच आहे, आणि खाली दिलेल्या दोघींच्या देखत, त्या मला बघत असताना आणि मी त्यांना बघत असताना, मी सही केली आहे.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: या पाहुणेघराच्या मालकीण, समोरच्या दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. (सही)
साक्षीदार २: इथल्या खोल्या आवरणाऱ्या मावशी. (सही, "पलंग नको" असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे.)

ठिकाण: दवाखान्यासमोरचं, पेशंटच्या नातेवाइकांसाठीचं पाहुणेघर, दुसरा मजला, कोपऱ्याची खोली.
वार मंगळवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

ता. क. सही झाल्यावर सिस्टर खाली गेल्या आणि पाच मिनिटांत धापा टाकत परत आल्या. म्हणाल्या, "एक म्हातारेबाबा आलेत गं. खोली मागतायत. म्हटलं, कोणती? तर म्हणाले, कोपऱ्याची. मी म्हटलं, ती भरली आहे. तर म्हणाले, 'माहीत आहे मला. म्हणूनच आलोय.' वकीलसाहेबांनी उठून खुर्ची दिली, तर बसेनात. नोंदवहीत नुसतं 'सुतार' लिहिलंय. आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आहे. मी विचारलं, काय आहे? म्हणाले, 'आमच्या दाराची कडी आहे. पोरीला द्यायची आहे.'"

पिकलेले केस. मेणबत्ती. पाचही ठिकाणी दार नुसतं लोटून झोपलेला तो माणूस दादा नव्हता.

म्हणजे आत्याची शपथ दोन दिवसही टिकली नाही. आणि कार्ड आलं त्या दिवशीच अण्णांना कळलं होतं, त्या दुपारी घरात माझ्याशिवाय होतंच कोण. कडी काढली ती दादासाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

कलम दहा रद्द. ते मी तोंडी सांगते.

दार वाजलं. दोन, थोडं थांबून एक. मावशींनीही मान वर केली आहे, तेव्हा हे कानातलं नाही. यावेळी चौथ्या ठोक्याची वाट बघत नाही. उठते.